बोल्टाचें दुसरें टोंक

गेल्या महिन्यांत शिवणयंत्राविषयीं आम्हीं जें कांहीं लिहिलें, तें वाचून एका वाचकभगिनींनीं पत्र पाठविलें आहे. त्यांच्या वाड्याच्या देवडींत त्यांच्या कैलासवासी सासऱ्यांची जुनी बुलेट मोटारसायकल कित्येक वर्षें उभी होती. यंदा सुटींत घरांतील दोघां मुलांनीं ती चालती करण्याचें मनावर घेतलें. काम बरेंच पुढें गेलें. परंतु इंजिन चौकटीस जखडून धरणारा एक बोल्ट असा कांहीं अडचणींत आहे कीं, तेथें ना हात पोंचतो ना पाना. मुलांचें म्हणणें असें कीं, बाकीचे बोल्ट पक्के बसले आहेत, एवढा एक राहिला तर काय बिघडणार आहे? बाई लिहितात, "मला यंत्रांतलें कळत नाहीं, पण मुलें ज्या घाईनें हें बोलतात ती घाई मला बरी वाटत नाहीं. आपण शाळामास्तर होतां, दोन शब्द लिहावे."

दोन शब्दांवर हें प्रकरण भागण्यासारखें नाहीं. शिवाय एक बोल्ट राहिला तर काय बिघडतें, ह्याचें उत्तर मला पुस्तकांतून मिळालेलें नाहीं. तें माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीनें मला दिलें. ती चूक मीं ह्या सदरांत कधीं सांगितली नाहीं, आणि गेल्या श्रावणापर्यंत घरांतही सांगितली नव्हती. तेव्हां आज आधीं यंत्राची रचना, मग चूक, आणि मग उपाय, असा क्रम ठेवतों.

साधी सायकल डोळ्यांपुढें आणावी. तिची चौकट नळ्यांची व सर्व बाजूंनीं बंद असते. कित्येक मोटारसायकलींत इंजिन अशाच बंद चौकटीच्या कुशींत, पाळण्यांत मूल ठेवावें तसें, बसविलेलें असतें. जुन्या बुलेटची गोष्ट वेगळी. इंग्लंडांतील रेडिच गांवच्या रॉयल एन्फील्ड कंपनीची ही गाडी १९५५ सालापासून मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, एन्फील्ड इंडिया ह्या नांवानें तयार होऊं लागली. तिची पुढली नळी मुठींखालून तिरपी उतरते ती इंजिनाच्या पुढल्या अंगाशीं येऊन संपते. इंजिनाच्या खालून जाणारी नळीच नाहीं. नळी संपते तेथें लोखंडी पत्र्यांच्या जोडीनें इंजिन पकडलेलें असतें. मागल्या अंगास गिअरची पेटी व पुन्हां पत्र्यांची जोडी लावून तें मागल्या चौकटीस जोडलेलें असतें. अर्थात् पुढची बाजू आणि मागची बाजू ह्यांमधील खालचा दुवा खुद्द इंजिनच होय. त्यास धरणारे बोल्ट हे ओझें बांधणाऱ्या दोऱ्या नव्हेत. ते चौकटीचे सांधे आहेत.

आतां ह्या सांध्यांवर ताण किती येतो तें पाहावें. ३५० च्या बुलेटमध्यें एकच नळकांडें असून त्याचा व्यास ७० मिलिमीटर व दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर आहे. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असतां तो दट्ट्या सेकंदास ५० वेळां वर जातो आणि ५० वेळां खालीं येतो, व प्रत्येक टोंकास क्षणमात्र थांबून उलट फिरतो. त्या हिसक्यास तोल म्हणून आंतल्या चाकांवर वजन ठेवलेलें असतें. परंतु एका नळकांड्याच्या इंजिनांत हा तोल पुरता साधत नाहीं. वजन वाढवून वरखालचा हिसका मोडला, तर तोच हिसका पुढेंमागें होऊं लागतो. म्हणून कारागीर मधला मार्ग काढतो, व उरलेला कंप चौकटीनें सोसावा अशी योजना करतो. त्या वेगानें तासभर प्रवास केला तर असे १,८०,००० हेलकावे होतात. बोल्ट घट्ट आहे तोंवर पत्रा आणि इंजिन एकजीव होऊन बरोबर थरथरतात, व बोल्टास स्वतःस फारसें सोसावें लागत नाहीं. तो किंचित् सैल झाला कीं दोहोंत घासाघीस सुरू होते, भोंक लंबगोल होऊं लागतें, आणि त्याच्या वांट्याचा भार शेजारच्या बोल्टांवर जाऊन पडतो. एकत्र कुटुंबांत एकानें अंग काढून घेतलें म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

आतां चूक सांगतों. १९८४ सालचा वैशाख. आमचें घर वाईचें. तीर्थरूपांची १९६६ सालची बुलेट होती आणि कामानिमित्त ते रोज पसरणीचा घाट चढून पांचगणीस जात. मी नुकताच शाळेंत लागलेला, सुटीमुळें घरींच होतों. एके दिवशीं तीर्थरूप म्हणाले, "गाडी पायांखालीं फार थरथरते आहे. इंजिनाचे बोल्ट एकदां सगळे पाहून घे."

मीं पाहून घेतले. बाकीचे सहज हातीं लागले. एक मात्र मागल्या पत्र्याच्या खालच्या कोंपऱ्यांत होता. त्याचें डोकें उजव्या अंगास उघडें होतें. परंतु नट डाव्या अंगास, क्लच व त्याची साखळी ज्या बंद डब्यांत असतात त्या डब्याच्या आड होता. तेथें माझा पाना शिरेना. एका नटासाठीं एवढा डबा कोण उतरवितो? मीं उजवीकडून डोक्यास पाना लावून बोल्ट फिरविला. तो जड जड फिरला. अर्धा-पाऊण फेरा होऊन मनगट दुखूं लागलें, तेव्हां मीं पाना ठेवला आणि मनाशीं म्हटलें, झाला घट्ट.

तो घट्ट झाला नव्हता. भोंकांतील गंजामुळें तो जड झाला होता, एवढेंच. पलीकडे नट मोकळा होता, आणि बोल्टाबरोबर तोही मुकाट्यानें फिरत होता. जड फिरणें निराळें आणि घट्ट होणें निराळें, हें मला त्या दिवशीं कळलें नाहीं. वर्गांत मुलगा अडखळत अडखळत श्लोक म्हणतो तेव्हां त्याच्या कष्टावरून त्यास अर्थ कळला असें आपण समजत नाहीं. यंत्राच्या बाबतींत मीं नेमकें तेंच केलें. बोल्टास दोन टोंकें असतात. एक फिरवीत असतां दुसरें स्थिर धरलें नाहीं, तर तें फिरविणें म्हणजे नुसता व्यायाम.

आषाढांत व्हायचें तें झालें. शेजारच्या बोल्टावर भार पडतां पडतां इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाचा मागला कान तडकला. जुन्या बुलेटचें तेल वेगळ्या टाकींत नसतें. तें कवचाच्याच मागल्या कप्प्यांत सांठविलेलें असतें. तडा तेथपर्यंत गेला, तेल गळून मागल्या चाकावर आलें, आणि घाटाच्या एका वळणावर, पावसांत, गाडी घसरली. कठड्यामुळें प्राण वांचले. उजवें मनगट मोडलें. घरीं आल्यावर, हात गळ्यांत बांधलेला असतां, त्यांनीं मला एकच प्रश्न विचारला, "त्या खालच्या बोल्टाचा नट धरला होतास ना?" त्यांच्या आवाजांत राग नव्हता. भीति होती ती माझ्या मनांत. मी म्हणालों, "होय." त्यांनीं मान हलविली आणि तो विषय पुन्हां काढला नाहीं. गाडी पडवींत गेली. २००३ सालीं तीर्थरूप निवर्तले. मुलांना खरें बोलावें म्हणून शिकविण्यांत माझा जन्म गेला. आणि तो 'होय' तेवढा तसाच राहिला.

गेल्या श्रावणांत माझा पुतण्या पुण्याच्या कचेरीचें काम घरीं बसून करण्याच्या सवलतीवर वाईस येऊन राहिला आणि त्यानें ती बुलेट उघडली. खालचा बोल्ट काढतां काढतां तो अडला. उजवीकडून फिरे, पण सैल होईना. आमच्या सूनबाई दंतवैद्य आहेत. त्यांनीं लांब दांडीचा एक जुना आरसा आणून दिला व आरशांत उलटें दिसतें त्याप्रमाणें हात कसा चालवावा हेंही दाखविलें. पुतण्यानें डब्यामागच्या फटींतून आरसा आंत घातला, बॅटरीचा उजेड टाकला, आणि मला बोल्ट फिरवावयास सांगितलें. क्षणभरानें तो म्हणाला, "काका, पलीकडे नट बरोबर फिरतो आहे. हा कधीं नीट आवळलाच नव्हता. आजोबा एवढे काटेकोर, त्यांच्याकडून हें कसें राहिलें?"

वडिलांच्या माथीं माझा दोष जात असलेला ऐकून मात्र मला गप्प बसवेना. मी म्हणालों, "आजोबांकडून नव्हे. माझ्याकडून." आणि पडवींतच, पाटावर बसून, मीं त्या दोघांना सगळें सांगितलें.

आतां उपाय. तो सांगतांना आमच्या पडवींत जें जें केलें तेंच क्रमानें सांगतों. मूळ रीत कोणत्याही जुन्या मोटारसायकलीस लागू आहे.

आधीं दुखणें ओळखावें. इंजिन मंद चालू ठेवून एक बोट अर्धें पत्र्यावर व अर्धें कवचावर, सांध्याच्या रेघेवर, ठेवावें. मात्र तापलेल्या धुराड्यापासून व फिरत्या साखळीपासून हात दूर असावा. दोन्ही बाजू एकसारख्या थरथरत असतील तर ठीक. एक बाजू दुसरीवर सरकत असेल तर तें बोटास तत्काळ कळतें. बोल्टाभोंवतीं तांबूस भुकटी जमली असली तर तीही लोखंड लोखंडावर घासत असल्याची खूण समजावी.

मग वाट मोकळी करावी. संस्कृतांत सूचीकटाहन्याय म्हणून एक न्याय आहे. लोहाराकडे सुई आणि कढई अशीं दोन कामें एकदम आलीं, तर त्यानें आधीं सुई करून द्यावी आणि मग कढई घ्यावी. लहान काम आधीं उरकलें म्हणजे मोठ्यास जागा होते. अडचणींतल्या बोल्टाशीं झगडणारा मनुष्य बहुधा ह्याच्या उलट करतो. वाटेंतील चार लहान वस्तु काढावयाचा कंटाळा म्हणून तो त्यांच्यामधून हात वांकडा करून पाना घुसवितो, पाना निसटतो, नटाचे कोपरे झडतात, आणि अर्ध्या तासाचें काम चार दिवसांचें होतें. आम्हीं आधीं पेट्रोलची टाकी उतरविली आणि ती घरांत न ठेवतां परसांत उघड्यावर ठेवली. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती जमिनीलगत सरपटत जाते. पडवी आणि देवघर ह्यांमध्यें उंबरठा एवढाच आड असतो, आणि सांजवात तर रोज लागते. त्यानंतर विजेच्या बॅटरीची चौकटीस जोडलेली तार सोडविली, मग पाय ठेवण्याची दांडी, आणि शेवटीं क्लचचा डबा. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं पुतण्यानें भ्रमणध्वनीवर छायाचित्र घेतलें, व सुटे बोल्ट निरनिराळ्या वाट्यांत घालून वाट्या क्रमानें मांडल्या. १९८४ सालीं ज्या डब्याचा मला कंटाळा आला होता, तो काढावयास एक दुपार लागली.

वाट न ठेवण्याची चूक मोठमोठ्यांच्याही हातून झालेली आहे. १९७१ च्या नमुन्यांसाठीं इंग्लंडांतील ट्रायम्फ कंपनीकरितां नवी चौकट काढण्यांत आली; तिच्या नळ्यांतच तेल सांठविण्याची योजना होती. ती जोडणीस आली तेव्हां ६५० घन सेंटिमीटरचें इंजिन डोक्यावरच्या झांकणपेट्यांसह तींत शिरेना. पेट्या उतरवून इंजिन आंत घ्यावें आणि मग वर पेट्या बसवाव्या अशी पाळी आली, आणि पुढें रचनेंत फेरफार करावे लागले. कागदावर रेघा जुळल्या होत्या. हात कोठून शिरणार, ह्याचा विचार राहिला होता.

तिसरी गोष्ट पान्याची. जोसेफ व्हिटवर्थ ह्या इंग्रज यंत्रज्ञानें १८४१ सालीं बोल्टाच्या आट्यांचें एक माप सुचविलें. त्यांत आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो. हल्लींच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा आहे. जुन्या बुलेटवर इंग्रजी मापाचे आटे असल्यामुळें दिसावयास सारखा म्हणून हल्लींचा नट तिच्या बोल्टावर जबरीनें चढवूं नये; दोघांचेही आटे जातात. पान्यांचीही तीच गोष्ट. व्हिटवर्थ पान्यावरील आंकडा हा नटाच्या रुंदीचा नसून मूळ बोल्टाच्या व्यासाचा असतो. ५/१६ असा शिक्का असलेल्या पान्याचें तोंड ०.६०० इंच, म्हणजे १५.२४ मिलिमीटर, रुंद असतें. त्या नटावर १५ चा पाना चढत नाहीं आणि १६ चा चढतो पण हलतो. त्या हलण्यांतच नटाचे कोपरे गोल होतात. मोकळ्या जागेंतला नट एक वेळ चुकीचा पाना सहन करील. अडचणींतला करीत नाहीं, कारण तो बिघडल्यावर दुसरा इलाज करण्यास तेथें जागाच नसते.

चौथी गोष्ट भाराची. इंजिनाचें वजन बोल्टावर लोंबकळत असतां बोल्ट ओढूं नये. इंजिनाखालीं लांकडाचा ठोकळा व त्याखालीं लहान जॅक ठेवून, एक जण जॅक रतीरतीनें वरखालीं करीत असतां दुसऱ्यानें बोल्ट बोटांनीं फिरवून पाहावा. भार नेमका सुटला कीं बोल्ट एकाएकीं हलका होतो. जो बोल्ट हातोडीच्या दहा घावांनीं निघत नव्हता, तो पुष्कळदां असा बोटांनीं निघतो.

गंजानें धरलेल्या बोल्टास गंज सोडविणारें तेल लावून रात्रभर तसाच ठेवावा. तरीही न हलल्यास सूनबाईंनीं केलें तें करावें. त्यांनीं स्वयंपाकघरांतून उकळतें पाणी आणून कवचाच्या कानावर बेतानें ओतलें. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें, त्यामुळें भोंक किंचित् मोठें होऊन पकड सुटते. शिवाय ज्योत जवळ आणावी लागत नाहीं. ठोकणें प्राप्तच असेल तर नट काढून न टाकतां बोल्टाच्या टोंकाशीं समतल होईपर्यंत मागें फिरवावा, व त्यावर पितळेचा दांडा धरून ठोकावें. म्हणजे आटे चेपत नाहींत.

बोल्ट बाहेर येऊं लागला कीं त्याच्या मागोमाग तितक्याच किंवा केसभर कमी जाडीचा, टोंकाशीं निमुळता केलेला दांडा भोंकांत सरकवावा. बोल्ट पुरा निघतो तेव्हां दांडा त्याच्या जागीं आलेला असतो. मधल्या चकत्या पडत नाहींत आणि पत्र्यांचीं भोंकें एकमेकांपासून ढळत नाहींत. पुढें नवा बोल्ट घालतांना त्यानेंच ह्या दांड्यास पुढें ढकलून बाहेर काढावें. गादी क्षणभरही रिकामी ठेवूं नये, हा जुन्या संस्थानांतला नियम येथें अक्षरशः खरा आहे. मात्र आमच्याप्रमाणें इंजिन दुरुस्तीस पाठवावयाचें असेल तर हा दांडा परत येतांना कामास येतो. तडकलेला कान कोल्हापुरास एका कारागिराकडून सांधून आणला, आणि तो आणेपर्यंत भाद्रपद उजाडला.

आतां बसविणें. बोल्ट नवा आणि चांगल्या पोलादाचा घ्यावा. पत्र्याच्या भोंकांत त्याचा गुळगुळीत भाग यावा, आटे येऊं नयेत. बोटें न पोंचणाऱ्या जागीं नट न्यावयाचा तर रिंग पान्याच्या तोंडांत पाठीमागून कागदाची चिकटपट्टी लावावी, नट त्यांत बसवावा, वॉशर ग्रीसनें नटास चिकटवावा, आणि पान्यासकट सगळें आंत न्यावें. उघड्या तोंडाचा पाना वापरणें भाग पडलें तर त्याची एक युक्ति ध्यानांत ठेवावी. त्याचें तोंड दांड्याशीं १५ अंशांनीं तिरपें असतें. प्रत्येक खेपेस पाना उलटा करून लावला, तर ६० अंशांऐवजीं ३० अंश फिरण्यापुरतीच जागा असली तरी काम होतें.

सर्व बोल्ट आधीं नुसते बोटांनीं लावावे. कोणताही एक पुरता आवळून मग दुसऱ्याकडे वळूं नये. कारण पहिल्यानें इंजिन आपल्याकडे ओढलें कीं बाकीच्यांचीं भोंकें जुळत नाहींत. पत्रा आणि कान ह्यांत फट दिसली तर ती बोल्टाच्या जोरानें मिटवूं नये. तितक्या जाडीची चकती घालावी. जोरानें मिटविलेली फट म्हणजे पुढच्या तड्याची सुरुवात होय. मग थोडें पुढें, थोडें मागें, असें आळीपाळीनें आवळीत जावें, आणि इंजिनाच्या डोक्यास वरच्या नळीशीं जोडणारी पट्टी सर्वांच्या शेवटीं घ्यावी.

पुतण्यानें सर्व आवळलें, हात पुसले, आणि म्हणाला, "झालें, काका." मला राहवलें नाहीं. मीं विचारलें, "खालच्या बोल्टाचा नट धरला होतास ना?" तो थांबला. म्हणाला, "नाहीं. डोकें फिरवूनच घट्ट लागला. पुन्हां बघतों." त्यानें पाना उचलला, सूनबाईंनीं पलीकडे नट धरला, आणि बोल्ट आणखी पाव फेरा गेला. चाळीस वर्षांपूर्वीं मला जें बोलतां आलें नाहीं, तें तो किती सहज बोलला!

त्याच संध्याकाळीं तो आजोबांची हत्यारांची ट्रंक धुंडाळीत होता. तींत जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेला ५/१६ चा एक पाना निघाला. त्याचें तोंड कानशीनें घासून अर्ध्या जाडीचें केलेलें आणि दांडा थोडा वांकविलेला होता. कशासाठीं म्हणून त्यानें तो डबा बसविल्यानंतर फटींतून आंत सरकवून पाहिला. तो थेट खालच्या नटावर जाऊन बसला.

मी पुष्कळ वेळ तो पाना हातांत घेऊन बसलों. तीर्थरूपांनीं तो त्या नटासाठींच केला होता, आणि त्यावांचून, डबा न उतरवितां, तो नट कोणास धरतां आलाच नसता. मीं तो मागितला नव्हता. अर्थात् "नट धरला होतास ना?" असें त्यांनीं विचारलें तेव्हां उत्तर त्यांस ठाऊक होतें. माझा 'होय' त्यांनीं ऐकून घेतला होता, एवढेंच.

शेवटची गोष्ट फेरतपासणीची. शास्त्रकारांचा स्थूणानिखननन्याय प्रसिद्ध आहे : खांब पुरतांना तो हलवून हलवून पुन्हां ठोकतात, म्हणजे तो पक्का बसतो. नव्यानें बसविलेल्या बोल्टाचेंही तसेंच. वॉशरखालचा रंग दबतो, पत्रे एकमेकांवर नीट बसतात, आणि घट्ट केलेला बोल्ट आपोआप थोडा सैल पडतो. म्हणून पहिल्या फेरीनंतर, आणि पुन्हां दीडशें किलोमीटर झाल्यावर, प्रत्येक बोल्ट तपासावा. नट व पत्रा ह्यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली कीं नट सरकला असें समजावें. आमच्या पुतण्यानें दसऱ्याआधीं ही तपासणी आजोबांच्या पान्यानें केली. रेघ आरशांत पाहिली. ती केसभर सरकलेली होती. नट पुन्हां आवळला, नवी रेघ ओढली, आणि दसऱ्यास झेंडूची माळ घालून पूजा झाल्यावर सूनबाईंना मागें बसवून तो पसरणीचा घाट चढून आला. मी दारांत उभा होतों. गाडी सुखरूप परत आली.

असो. आमच्या वाचकभगिनींस एवढेंच सांगणें आहे कीं, मुलांना गाडी जोडूं द्यावी. तो एक बोल्ट मात्र राहूं देऊं नये. वाटेंतील डबा उतरवावा लागला तर तो उतरविण्यास त्यांस दोन दिवस अधिक द्यावे, आणि गाडी अमक्या दिवशीं चाललीच पाहिजे असा धोशा कोणी लावूं नये. काम झालें असें तीं सांगतील तेव्हां "दुसरें टोंक धरलें होतें का?" एवढें विचारावें. आणि त्यांतील कोणी "नाहीं" म्हणाला, तर त्याच्यावर रागावूं नये. त्याच्या हातीं पाना द्यावा, आणि दुसरें टोंक आपण धरावें.